बंदिवासांतील नागिणीचें वारूळ

मृगाचा पाऊस जवळ आला, कीं उल्हास नदीच्या खोऱ्यांत नागाच्या माद्या अंडीं घालण्यास जागा शोधूं लागतात. अंबरनाथ-बदलापुराकडे पूर्वीं ती सहज मिळे. भातखाचरांचे बांध होते, उंदरांचीं बिळें होतीं, माळावर वाळवीचीं वारुळें होतीं. उल्हासनगर हें नांव तर १९४९ सालचें. निर्वासितांच्या त्या वसाहतीचें आज दाट शहर झालें आहे. मग मादी विटांच्या ढिगांत किंवा घरामागच्या अडगळींत शिरते. घरांतील मंडळी सर्पमित्राला बोलावतात, आणि पोटांत पंधरा-वीस अंडीं असलेली ती मादी पिशवींत बंद होते.

तिला लवकरांत लवकर, पकडल्या जागेपासून फार दूर न नेतां, वनखात्याच्या अनुमतीनें सोडून देणें हेंच उत्तम. परंतु कुदळीचा घाव लागलेली मादी उपचारासाठीं ठेवावी लागते, आणि अंडीं कांहीं जखम भरण्याची वाट पाहत नाहींत. कोरड्या पेटींत ती अस्वस्थपणें फिरत राहते. ओलावा काय तो पाण्याच्या भांड्यांत. म्हणून पुष्कळदां तेथेंच अंडीं घालते, आणि तीं बुडून मरतात. कोरड्या लांकडावर घातलीं तर सुरकुततात. कधीं अंडीं पोटांतच अडकून मादीही दगावते.

सापाच्या अंड्याचें कवच कोंबडीच्या अंड्यासारखें कठीण नसतें. तें चामड्यासारखें मऊ असून भोंवतालचा ओलावा शोषून फुगतें. वारुळांत अंधार, दमटपणा, अंगाला भिडणाऱ्या भिंती आणि फारशी न बदलणारी ऊब मिळते. हें सर्व एका मडक्यांतही देतां येतें. चेन्नईजवळील इरुळ गारुड्यांची सहकारी संस्था १९७८ सालीं स्थापन झाली. तेथें विष काढण्यासाठीं आणलेले साप मातीच्या मडक्यांतच ठेवीत आले आहेत. अंड्यांसाठीं मडकें आडवें ठेवावें, तोंड सापाचें अंग जाईल एवढेंच उघडें असावें, आणि आंत ओलसर नारळाचा भुसा घालावा. भुसा मुठींत दाबला असतां गोळा व्हावा, पण पाणी गळूं नये. एवढ्या साध्या गोष्टींतच पुष्कळांची चूक होते.

घोणस व फुरसें यांस असें मडकें लागत नाहीं. त्यांच्या माद्या पिल्लांनाच जन्म देतात. अजगराची मादी वेटोळें घालून, स्नायू थरथरवून स्वतःच अंड्यांना ऊब देते. नागीण अंड्यांजवळ राखण करीत राहते; म्हणून मडक्यांत हात घालण्यापूर्वीं ती कोठें आहे हें पाहणें बरें.

एकमेकांस चिकटलेलीं अंडीं सोडवूं नयेत. वरच्या बाजूस पेन्सिलीनें खूण करावी आणि हलविलींच तर ती खूण वरच राहूं द्यावी. अंडें उलटल्यास आंतील जीव गुदमरण्याचा संभव असतो. २८ ते ३० अंश उष्णतेंत सुमारें दोन महिने लागतात. ज्येष्ठांत घातलेलीं अंडीं श्रावणांत, नागपंचमीच्या आगेमागें फुटतात. पिल्लें उपजतांच विषारी असतात, हें कुतूहलानें डबा उघडणाऱ्यांनीं ध्यानांत ठेवावें.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानें साप किंवा त्यांचीं अंडीं हौसेनें घरीं ठेवण्यास मनाई आहे. हें काम कात्रजच्या सर्पोद्यानासारख्या संस्थांचें, अथवा वनखात्यानें नेमलेल्या माणसांचें. पिल्लें पहिली कात टाकीपर्यंत ठेवावींत, आणि मग मादी जेथें सांपडली त्या परिसरांतील ओल्या बांधांवर, सगळीं एके ठिकाणीं न टाकतां, अंतराअंतरानें सोडावींत.