विंचवाचे बिऱ्हाड आणि शाळेचा टीसी

(गणेशोत्सवातील भाषण, थोडे संक्षिप्त करून)



कार्यवाहांनी मला ‘रेल्वेवर काहीतरी बोला’ असे सांगितले होते. पण रुळाखाली खडी किती इंच असावी हे ऐकायला आरतीनंतर कोणी थांबणार नाही. म्हणून आज टीसीवर बोलतो. आमच्याकडे टीसी म्हटले की काळा कोट डोळ्यांपुढे येतो. मी बोलणार आहे तो शाळेतला टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला.

२०१८ च्या ऑक्टोबरात माझी जोधपूर विभागातून जयपूरला बदली झाली. मुलगी तेव्हा चौथीत, सत्र निम्मे संपलेले. पोरीचे वर्ष वाया जाते की काय, ही सौ.ला काळजी. प्रत्यक्षात तिथल्या केंद्रीय विद्यालयातून टीसी घेतला, इथल्या केंद्रीय विद्यालयात दिला आणि चौथ्या दिवशी पोरगी वर्गात बसली. शिवाय सामानाचा पास, क्वार्टरचा अर्ज, दवाखान्याचे कार्ड, आणि वर बदली अनुदान म्हणून मूळ पगाराच्या ८० टक्के रक्कम. तरीही मी बदलीच्या नावाने बोटे मोडत होतो. बनी पार्कातल्या अनेक मराठी घरांची कहाणी अशीच असेल. कोणी बँकेत, कोणी एजी ऑफिसात, कोणी आमच्यासारखे रुळावर. आपण स्वतःला विंचवाचे बिऱ्हाड म्हणवून घेतो खरे, पण आपले बिऱ्हाड पाठीवर नसते. ते ट्रकमधून येते आणि त्याची पावती सरकारला देता येते.

पाठीवरचे बिऱ्हाड मी पाहिले ते त्याच हिवाळ्यात. दुहेरीकरणाच्या एका कामावर ठेकेदाराची माणसे झाबुआकडची होती, नवरा-बायको दोघेही खडीवर. रुळापासून थोड्या अंतरावर त्यांची प्लॅस्टिकची पाले. एके दुपारी एक नऊ-दहा वर्षांची पोर, कडेवर धाकटा भाऊ घेऊन, चालू मार्गाच्या कडेने आईकडे येताना दिसली. मागून गाडी येत होती. आमच्या माणसाने शिट्टी वाजवली, पोर बाजूला झाली, गाडी निघून गेली. एवढेच घडले. पण माझे पाय लटपटले. मी तिच्या बापाला बोलावून चांगलेच फैलावर घेतले. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “साहब, कहाँ छोड़ूँ?”

उत्तर म्हणून दुसऱ्या दिवशी मी बापलेकीला घेऊन जवळच्या सरकारी शाळेत गेलो. सरकारी जीप दाराशी आहे म्हटल्यावर काम होईल असे वाटले. मुख्याध्यापकांनी चहा मागवला. जन्माचा दाखला? नाही. आधार? गावाकडे. आधीच्या शाळेचा टीसी? ती शाळा झाबुआत, दुसरीत असताना सुटलेली. “और अब तो दिसंबर है, जुलाई में आइए।” जुलैत ही माणसे कुठे असतात हे मला ठाऊक होते, पेरणीला गावी. मी मान डोलावली आणि परत आलो. कागद नाहीत म्हणजे काम नाही, हे आम्हा सरकारी माणसांना फार लवकर पटते.

जानेवारीअखेर पाले उठली. नंतर रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला आमच्या घरात हा विषय निघाला. आमच्या एका सहकाऱ्याच्या पत्नी शिक्षिका आहेत. त्या सौ.ला म्हणाल्या, “अगं, भावजींनी कायदा वाचलेला दिसत नाही!”

मग मी वाचला. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, १ एप्रिल २०१० पासून लागू. वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाला प्रवेश नाकारता येत नाही, हे कलम १४. टीसी यायला उशीर झाला म्हणून सरकारी शाळेला प्रवेश लांबवता किंवा नाकारता येत नाही, हे कलम ५. सत्र सुरू होऊन गेले म्हणूनही नाही, हे कलम १५. मूल मागे पडले असेल तर त्याला वयाप्रमाणे वर्गात घ्यायचे आणि वेगळे शिकवायचे. आणि कलम ९ मध्ये, स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांना प्रवेश मिळेल हे पाहणे स्थानिक प्राधिकरणाचे कर्तव्य म्हणून शब्दांत लिहिले आहे. आधारचे तर सर्वोच्च न्यायालयाने २६ सप्टेंबर २०१८ लाच सांगितले होते की शाळाप्रवेशाला ते सक्तीचे नाही. म्हणजे त्या दिवशी टेबलावर आलेले प्रत्येक कारण आधीच खोडलेले होते. समोर चहा पीत बसलेल्या दोन सरकारी माणसांपैकी एकाला ते माहीत नव्हते आणि दुसऱ्याने सांगितले नाही. त्या पोरीची शाळा तिथे बुडाली, आणि त्यात माझा वाटा आहे.

जाता जाता एक. या कायद्यात ‘प्रत्येक मूल’ असे शब्द आहेत, ‘प्रत्येक नागरिक’ असे नाहीत. मी जोधपुरात राहिलो आहे, तिथे पाकिस्तानातून आलेल्या विस्थापित हिंदूंच्या वस्त्या आहेत. नागरिकत्वाचा कागद वर्षानुवर्षे न मिळालेली माणसे. त्यांच्या मुलांच्या बाबतीत हा एक शब्द फार मोलाचा आहे.

पुढच्या हंगामात दुसऱ्या कामावर पाच मुले निघाली. या वेळी कलमे हिंदीत छापून नेली. दुसरी शाळा, दुसरे मुख्याध्यापक. अर्ध्या तासात नावे चढली. ते गृहस्थ मोकळेपणाने म्हणाले, “नियम हमें भी मालूम है। पर ये बच्चे फरवरी में चले जाएँगे, फिर ड्रॉपआउट का जवाब मुझे देना पड़ेगा।” त्यांचेही खोटे नव्हते. मूल निघून गेले की पटावर नाव राहते आणि बाक रिकामा. आपल्याकडे ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी आधी कारखान्यांवर साखरशाळा निघाल्या. नंतर मुलांना गावातच ठेवता यावे म्हणून हंगामी वसतिगृहे आली, आणि बरोबर जाणाऱ्या मुलांसाठी शिक्षण हमी पत्रक. हे सर्व प्रत्येक फडापर्यंत पोचले असे मी म्हणणार नाही, पण त्यामागचा विचार मला पटला: कागद शाळेच्या कपाटात नको, मुलाबरोबर हवा. म्हणून फेब्रुवारीत वस्ती हलण्याच्या आदल्या दिवशी आम्ही पाचही टीसी काढून पालकांच्या हातात दिले. दोघांची नावे पुढच्या ठिकाणी चढल्याचे कळले. तिघांचे कळले नाही, कारण लगेच मार्च २०२० आला.

त्या दिवसांबद्दल रेल्वेच्या माणसाने काय बोलावे! १ मे २०२० पासून देशात पहिल्या सहा श्रमिक गाड्या सुटल्या. त्यांतल्या दोन नाशिकहून, आणि एक आपल्या जयपूरहून पाटण्याला. ८ मे ला पहाटे बदनापूर ते करमाड दरम्यान रुळावर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. जालन्याहून मध्य प्रदेशात घरी निघाले होते, रूळ धरून चालत. रुळावर माणूस दिसला की त्याला हाकलायचे, हे मला नोकरीच्या पहिल्या आठवड्यात शिकवले होते. तो माणूस तिथे का आला असेल, हे विचारायला कोणी शिकवले नव्हते. पुढे २९ जून २०२१ ला सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना बजावले तेव्हा ‘एक देश, एक रेशनकार्ड’ सगळीकडे लागू झाले. आज झाबुआच्या कार्डावर जयपूरच्या दुकानात धान्य मिळते. मजुराला विचाराल तर बहुतेकांना माहीत नसते.

आता माझ्या बदली अनुदानाकडे परत येतो. आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा १९७९ चा. त्यात ठेकेदाराने कामगाराला विस्थापन भत्ता द्यावा असे होते: महिन्याच्या मजुरीच्या निम्मा किंवा ७५ रुपये, जे जास्त असेल ते. म्हणजे जे मला मिळाले तेच, त्याच कारणासाठी, कायद्याने त्यालाही होते. एवढ्या वर्षांत मी एकाही हजेरीपटावर तो रकाना पाहिला नाही, आणि तो रकाना कुठे आहे असे विचारलेही नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या. त्यांत प्रवासभाडे आहे, राज्य बदलले तरी रेशन आणि बांधकाम कामगार मंडळाचे लाभ मिळावेत अशी तरतूद आहे, हेल्पलाईनही आहे. विस्थापन भत्ता मात्र गेला. आणि पूर्वी पाच कामगारांपासून लागू होणारी मर्यादा आता दहावर आली.

दवाखान्याचे थोडक्यात सांगतो. सरकारी रुग्णालयात बाळंतपण मोफत आहे, बाई कुठल्याही राज्यातली असो; २०११ पासून तशी योजना आहे. अडते ते त्याच्या पुढे. विमा योजनेला जनआधार लागतो, आणि जनआधारला इथला रहिवास. राजस्थानने २०२३ मध्ये आरोग्य हक्काचा कायदा केला, असा कायदा करणारे हे देशातले पहिले राज्य. पण त्यातला हक्क राज्याच्या रहिवाशाचा आहे. सहा महिने पालात राहून उठणारा माणूस कुठला रहिवासी ठरणार?

तुम्ही म्हणाल, याचा आपल्या मंडळाशी काय संबंध? खानापूर-आटपाडीकडचे आपले गलाई बांधव सोने-चांदी गाळण्याच्या धंद्यापायी देशभरच्या सराफ बाजारांत पोचले. त्यांच्यातल्या एका वडीलधाऱ्यांनी मला सांगितले की पोराला पहिल्यांदा शाळेत घालायला बरोबर शेजारचा मारवाडी सराफ आला होता. तो आला म्हणून कोणी काही विचारले नाही. आपल्याला रोज लागणारा सिंधी कॅम्पचा बसस्टँड तर फाळणीनंतरच्या निर्वासितांच्या छावणीचे नाव घेऊन उभा आहे. आणि २००८ च्या ऑक्टोबरात मुंबई परिसरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तर भारतीय मुलांना मारहाण झाली, तेव्हा मी नोकरीत नवखा होतो. दुसऱ्या दिवशी डबा खाताना एका बिहारी सहकाऱ्याने फक्त एवढेच विचारले, “आपके यहाँ हमारे बच्चे जाएँ कि नहीं?” मला उत्तर देता आले नाही. त्याने आपल्या डब्यातली भाजी माझ्याकडे सरकवली आणि विषय बदलला.

हा मांडव बांधणारी माणसे कूचबिहारकडची आहेत. मागच्या तंबूत त्यांच्यातल्या एकाची बायको-मुले आहेत. मुलगा आठ वर्षांचा. दोन दिवस तो आपल्या पोरांबरोबर आरतीला झांजा वाजवतो आहे, आणि ताल चुकत नाही. त्याला शाळेत घातलेले नाही. मांडव उतरला तरी दिवाळीपर्यंत शहरातच कामे आहेत, असे त्याचे वडील म्हणाले. सोमवारी साडेनऊ वाजता मी त्यांच्याबरोबर शाळेत जाणार आहे. कलमांच्या प्रती काढून आणल्या आहेत, प्रसादाच्या टेबलावर ठेवल्या आहेत. एक बांगला बोलणारे आणि एक स्कूटरवाले कोणी बरोबर आले तर बरे होईल.