तीन घड्याळं आणि एक फितूर



शाळेत घड्याळ एकच असलं म्हणजे फारशी काळजी नसते. ते दहा मिनिटं मागं असेना का, घंटा सगळ्यांना एकदमच ऐकू येते. पंचाईत होते ती घड्याळं तीन झाली म्हणजे. आज ज्या संशोधनाविषयी बोलायचं आहे, त्याच्या गाभ्याशी अशीच तीन घड्याळं आहेत. फक्त ती भिंतीवर नाहीत, उडत्या विमानातल्या संगणकांत आहेत.

१९७३ साली जगात खनिज तेलाचे भाव भडकले. इंधन कमी खाणारी विमानं बांधावीत, असा विचार पुढे आला. पण इंधन वाचवण्यासाठी ज्या तऱ्हेची बांधणी करावी, तिनं विमान आपणहून स्थिर राहत नाही. त्याला क्षणोक्षणी सावरावं लागतं, आणि ते काम माणसाच्या हातानं होण्यासारखं नाही. ते संगणकावरच सोपवायला हवं. मग संगणकच बिघडला तर? म्हणून अमेरिकेतल्या ‘नासा’ या संस्थेसाठी कॅलिफोर्नियातल्या एस. आर. आय. या संशोधन संस्थेत ‘सिफ्ट’ नावाची योजना आखली गेली. एका कामाला अनेक संगणक जुंपायचे आणि बहुमतानं निर्णय घ्यायचा, असा तिचा घाट होता.

तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? तीन संगणक ठेवावेत. एक बिघडला तर उरलेले दोघे त्याला हाणून पाडतील. भल्याभल्या जाणकारांना असंच वाटत होतं. पण बहुमत घ्यायचं तर सगळ्यांनी एकाच वेळी मत द्यायला हवं, म्हणजे घड्याळं जुळलेली हवीत. गोम इथंच आहे.

समजा, पहिलं घड्याळ १० वाजल्याचं दाखवतं आणि दुसरं १० वाजून १० मिनिटं. दोन्ही चांगली आहेत, थोडा फरक पडला आहे इतकंच. तिसरं मात्र बिघडलेलं आहे. नियम असा, की प्रत्येकानं तिघांच्या वेळा पाहायच्या आणि मधली वेळ धरायची. आता हे तिसरं घड्याळ पहिल्याला सांगतं, ‘दहाला दहा कमी.’ पहिला पाहतो तो मधली वेळ त्याची स्वतःचीच! तो जागचा हलत नाही. तेच तिसरं घड्याळ दुसऱ्याला सांगतं, ‘दहा वाजून वीस.’ दुसऱ्यालाही मधली वेळ स्वतःचीच दिसते. दोघेही नियमानं वागले, दोघेही समाधानी, आणि तरीही दोघांतलं अंतर तसंच राहिलं. उद्या ते वाढेल, आणि कुणाला पत्ताही लागणार नाही.

बंद पडलेलं यंत्र परवडतं, पण याला एक आणि त्याला दुसरंच सांगणारं यंत्र परवडत नाही. आपल्याकडे अशा माणसाला काय म्हणतात हे मी सांगायला नको.

बरं, दोघांनी आपसांत विचारपूस केली तर? पहिला म्हणतो, ‘मला त्यानं दहाला दहा कमी सांगितलं.’ दुसरा म्हणतो, ‘मला तर दहा वाजून वीस सांगितलं.’ आता पहिल्यानं कुणाला खोटं मानावं? तिसरा लबाड असेल, किंवा दुसराच त्याचं नाव घेऊन थाप मारत असेल. ठरवायला साधनच नाही. रॉबर्ट शोस्टाक यांनी दाखवून दिलं की एका बिघाडासाठी तीन पुरत नाहीत, चार लागतात. मार्शल पीज यांनी त्यापुढची, कितीही बिघाडांची रीत शोधली. दोन बिघाडांना सात, तीन बिघाडांना दहा: बिघाडांच्या तिपटीहून एक जास्त. पीज, शोस्टाक आणि लेस्ली लॅम्पोर्ट या तिघांचा हा लेख १९८० साली छापला गेला.

पण रूक्ष गणित वाचतो कोण? लॅम्पोर्ट यांनी त्याला गोष्टीचं रूप दिलं. शत्रूच्या शहराला वेढा पडला आहे, सेनापती निरनिराळ्या तळांवर आहेत, चढाई की माघार हे जासुदांकरवी एकमतानं ठरवायचं आहे, आणि त्यांच्यात कुणीतरी फितूर आहे. सेनापती आधी अल्बानियाचे ठरले होते. पण एका सहकाऱ्यानं सुचवलं की त्या देशातल्या माणसांचं मन दुखवेल. मग लयाला गेलेलं बायझंटाईन साम्राज्य निवडलं, आणि १९८२ च्या लेखापासून तेच नाव रूढ झालं. मला विचाराल तर गोष्टीपेक्षा घड्याळाचा दाखलाच अधिक पटतो. पण कीर्ती गोष्टीला मिळाली. लॅम्पोर्ट यांना २०१३ सालचा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला, तो अशाच एकूण कामगिरीबद्दल.

एक पळवाट मात्र आहे. निरोपावर कुणालाही नक्कल करता येणार नाही अशी सही असेल, तर तिघांतही फितूर पकडता येतो. एकाच सहीचे दोन निराळे निरोप समोरासमोर आले की संपलं!

शिक्षकबंधूंनी हे वर्गात करून पाहावं. चार मुलं घ्या, एकाला गुपचूप खोटं बोलायला सांगा. प्रत्येकानं आपला आकडा चिठ्ठीवर लिहून बाकी तिघांना द्यावा. मग दुसरी फेरी: ‘अमक्यानं मला हा आकडा सांगितला,’ असं प्रत्येकानं इतरांना कळवावं. कोणत्याही एका मुलाच्या आकड्याबद्दल बाकी प्रत्येकापाशी तीन चिठ्ठ्या जमतील. त्यांतला मधला आकडा धरावा. लबाडानं तिघांना तीन आकडे दिले असले, तरी तिघांच्या हाती तेच तीन येतात, म्हणून मधला आकडाही एकच. आणि खऱ्या मुलाच्या आकड्याबद्दल लबाडानं थाप मारली, तर ती दोन खऱ्या चिठ्ठ्यांपुढे टिकत नाही. हाच खेळ तिघांत खेळून पाहा, म्हणजे कुठं अडतं ते मुलांनाच सापडेल. दोन लबाड ठेवायचे असतील तर सात मुलं लागतील, फेऱ्या तीन कराव्या लागतील, आणि चिठ्ठ्यांसाठी कागद बराच जवळ ठेवा.