अद्वैतातील द्वैत
(व्याख्यानाचा मजकूर)



बौद्धांच्या व्यासपीठावर वेदान्त कशाला, असे काहींना वाटेल. परंतु ज्या विचाराची चिकित्सा करावयाची, तो आधी त्याच्याच ग्रंथांतून समजून घ्यावा, ही बाबासाहेबांची रीत होती.

अद्वैत सांगते की ब्रह्म हेच एक सत्य, आणि जीव त्याहून वेगळा नाही. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी आपल्या मुलाला, श्वेतकेतूला, हेच शिकवतो. मग दिसणारे भेद कुठले? शंकराचार्य म्हणतात, अविद्येचे. पारमार्थिक पातळीवर एकत्व. व्यवहारात, ज्ञान होईपर्यंत, भेद कायम. (सत्याच्या दोन पातळ्या नागार्जुनाने त्यांच्या कितीतरी आधी मांडल्या होत्या, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.) आमच्या बँकेच्या भाषेत, एकत्व मुदत ठेवीत आणि भेद चालू खात्यात! रोजची देवघेव चालू खात्यातूनच होते.

ब्रह्मसूत्रांच्या पहिल्या अध्यायातील तिसऱ्या पादात ३४ ते ३८ ही सूत्रे पाहा. प्रश्न आहे शूद्राच्या ब्रह्मविद्येच्या अधिकाराचा. छांदोग्यातच रैक्व जानश्रुतीला 'शूद्र' अशी हाक मारतो आणि विद्याही देतो. भाष्यकार म्हणतात, हा शब्द जातीचा नव्हे, शोकाचा! शूद्राला उपनयन नाही, म्हणून वेदाध्ययन नाही, म्हणून वेदातून ब्रह्मविद्याही नाही. त्याने इतिहास-पुराणे ऐकावीत. मग विदुर ज्ञानी कसा झाला? तर पूर्वजन्मीच्या संस्कारांमुळे.

शंकर अद्वैती, रामानुज विशिष्टाद्वैती, मध्व द्वैती. जीव-ब्रह्माच्या नात्यावर तिघांचा कडाक्याचा वाद. शूद्राला वेद नाकारण्यात मात्र तिघांचे पूर्ण अद्वैत!

वेदान्ती उत्तर देतात की शास्त्रही व्यवहारातलेच, म्हणून अधिकारभेदही व्यवहारातला. तर्काला हे सोडून नाही. परंतु देहाशी झालेले तादात्म्य हीच जर अविद्या, तर ती घालवणाऱ्या विद्येच्या दारात देहाचाच जन्म का विचारावा?

काशीतील चांडाळाची आख्यायिका आणि 'मनीषापंचक' यांचा दाखला हमखास दिला जातो. कथा सुंदर आहे. पण ती कथा. सूत्रभाष्य हा संप्रदायाचा प्रमाणग्रंथ आहे.

महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रसिद्ध केलेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम'मध्ये बाबासाहेबांनी ब्रह्मसिद्धान्ताची टिंगल केलेली नाही. सर्वांत एकच ब्रह्म असेल तर सर्व समान ठरतात, आणि लोकशाहीला याहून भक्कम पाया मिळणे कठीण, हे ते मान्य करतात. त्यानंतर ते विचारतात, की या पायावर समाज का उभा राहिला नाही? विद्यार्थ्यांनी ते प्रकरण मुळातून वाचावे आणि शेजारी सूत्रभाष्यही उघडून ठेवावे.