ब्लॅक मेटल ऐकताना मला झोप का लागली?

हेडफोन लावले असतील तर आवाज जरा कमी करा, कारण आजचा विषय ब्लॅक मेटल आहे.

मी दिवसा कोड लिहितो आणि अधूनमधून ऑन-कॉल असतो. म्हणजे रात्री तीनला सर्व्हर पडला की मला उठवतात. अशाच एका रात्री काम मार्गी लागलं, पण झोप उडाली ती उडालीच. यूट्यूबवर ऑटोप्ले चालू होतं. करवतीसारखी गिटार, मागे कुणीतरी किंचाळतंय. मग एकदम ड्रम गायब, किंचाळणं गायब. सिंथचे मोजके सूर, पुन्हा पुन्हा तेच, तब्बल २५ मिनिटं. आणि मला चक्क झोप लागली.

तो अल्बम होता नॉर्वेच्या बुर्झुमचा ‘फिलोसोफेम’. रेकॉर्ड झाला १९९३ मध्ये, बाहेर आला १९९६ मध्ये. सकाळी उठल्या उठल्या मी लिंक मित्रांच्या ग्रुपवर टाकली. त्याचं पुढे काय झालं ते सांगतो, पण आधी संगीताबद्दल.

इतकं कर्कश आणि इतकं शांत, एकाच अल्बममध्ये जमतं कसं? ब्लॅक मेटलमध्ये गिटार वाजवणारा एकच सूर भराभर छेडत राहतो. याला ट्रेमोलो पिकिंग म्हणतात. हात धावत असतो, पण सूर बराच वेळ जागचा हलत नाही. त्यात डिस्टॉर्शन इतकं, की वेगवेगळे आघात एकमेकांत मिसळून जातात. तानपुरा आठवा. तारा एकेक करून छेडलेल्या असतात, पण कानाला एक सलग नाद ऐकू येतो. इथेही तसंच. म्हणजे ॲम्बियंट बाहेरून आणून चिकटवलेलं नाही, ते आत होतंच. ड्रम काढले की दिसतं, एवढंच.

‘फिलोसोफेम’मध्ये तर गिटार ॲम्पऐवजी घरगुती हाय-फायचा ॲम्प वापरलाय आणि गाणं हेडसेटच्या माइकवर म्हटलंय. त्यामुळे शब्द कळत नाहीत, आवाजसुद्धा धुक्याचा भाग होतो.

मी घरी लॅपटॉपवर असंच करायला गेलो होतो. तीन मिनिटं मेटल आणि आधी एक कीबोर्डचा इंट्रो. मित्र म्हणाला, “अरे, हा इंट्रो स्किप केला तर काय बिघडेल?” काहीच नाही! चूक तिथेच होती. मग दोन्हीकडे तेच कॉर्ड ठेवले, तेव्हा कुठे ते एक गाणं वाटायला लागलं.

आता ग्रुपचं. त्याच मित्रानं उत्तर पाठवलं, “हा माणूस कोण आहे बघितलंस का?” मी बघितलं नव्हतं. बुर्झुम म्हणजे एकटा वर्ग विकर्नेस. मेहेम बँडच्या युरोनिमसचा खून आणि चर्च जाळणं यासाठी १९९४ मध्ये त्याला २१ वर्षांची शिक्षा झाली. २०१४ मध्ये फ्रान्सच्या कोर्टानंही वांशिक द्वेष भडकवल्याबद्दल त्याला दोषी ठरवलं. ज्या सुरांवर मी निवांत झोपलो, ते याचे. पोटात गोळा आला.

मी लिंक डिलीट केली. “कलाकार वेगळा, कला वेगळी” असं पटकन म्हणता येतं, पण मला ते सोपं गेलं नाही. आवडलं ते आवडलं, खोटं कशाला बोलू? त्यातलं तंत्र मी शिकलो, हेही खरं. पण त्याचा टी-शर्ट घालणार नाही, पैसे देणार नाही आणि कुणाला ऐकवताना हे सगळं आधी सांगेन. आज सांगितलं तसं.

आणि हा रस्ता त्याच्या एकट्याच्या मालकीचा नाहीच. अमेरिकेतल्या ऑलिंपिया गावचा ‘वुल्व्ज इन द थ्रोन रूम’ ऐका. २०११ चा ‘सेलेस्टियल लिनिएज’ आधी, मग २०१४ चा ‘सेलेस्टाइट’. दुसऱ्यात ड्रम नाहीत, किंचाळणं नाही, बहुतेक सिंथच. दोन्ही लागोपाठ लावा, रात्री, दिवे घालवून.

झोप लागली तर मला कळवा. भेटू पुढच्या भागात!