गटाचा संगणक आणि फोनचा डेटा



ज्या बचत गटांच्या संगणकावर उबुंटू लिनक्स आहे, त्यांच्यासाठी आजची माहिती आहे. उबुंटू फुकट मिळते, पण इंटरनेट बहुधा कुणाच्या तरी फोनच्या हॉटस्पॉटवरून घ्यावे लागते. कर्जाच्या अर्जाची शेवटची तारीख असते, कागद अपलोड करायचे असतात, आणि नेमका दिवसाचा डेटा संपतो. फोन जिचा, ती रुसते. संगणकावर जी बसली होती, तिच्यावर आळ येतो.

पण दोष तिचा असेलच असे नाही. संगणक स्वतःच मागच्या मागे अपडेट उतरवून घेत असतो. फोनच्या डेटाला मर्यादा आहे, हे त्याला दर वेळी कळतेच असे नाही. म्हणून ते आपण सांगायचे.

आधी संगणक हॉटस्पॉटला जोडा. सेटिंग्जमध्ये वाय-फाय उघडा. आपल्या हॉटस्पॉटच्या नावापुढे दातेरी चक्राचे चिन्ह दिसेल, ते दाबा. पहिल्याच पानावर खाली ‘मीटर्ड कनेक्शन’ असे लिहिलेले असते. मीटर्ड म्हणजे विजेसारखे मोजून मिळणारे. त्यापुढच्या चौकोनात खूण करा आणि ‘अप्लाय’ दाबा. ही खूण त्या एकाच हॉटस्पॉटसाठी असते. दुसरीचा फोन जोडला, तर त्यालाही वेगळी करावी लागते.

आता बहुतेक मोठे अपडेट आपोआप सुरू होणार नाहीत. मात्र तुम्ही व्हिडिओ लावला, तर त्याचा डेटा जाणारच. आणि अपडेट कायमचे टाळू नका, संगणकाची सुरक्षा त्यांवर असते. जिथे डेटाची चिंता नाही, अशा ओळखीच्या वाय-फायवर अधूनमधून ते करून घ्या.

त्याच पानावर ‘कनेक्ट ऑटोमॅटिकली’ असाही चौकोन असतो. तिथली खूण काढली, की संगणक त्या हॉटस्पॉटला आपणहून जोडला जात नाही. हॉटस्पॉटचा पासवर्ड बदलल्यावर जोडणी अडत असेल, तर तिथलेच ‘फर्गेट कनेक्शन’ दाबा आणि नवा पासवर्ड घालून पुन्हा जोडा.

पुढच्या बैठकीत हे सगळ्याजणींसमोर करून पाहा. एकीलाच येऊन भागत नाही. आणि डेटा संपला, तर कुणाला बोल लावण्याआधी ती खूण आहे का, ते बघा.