रस्त्यावरची झाडे आणि त्यांचे राखणदार



कामगार चळवळीतल्या माणसांनी झाडांवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. पण नगरपालिकेच्या उद्यान खात्यातले माळी आमचे सभासद आहेत, आणि झाडांविषयी जे काही आम्ही शिकलो ते त्यांच्याच पंक्तीला बसून.

रस्त्याकडेचे झाड ही नगरपालिकेची, म्हणजे तुमची आमची मालमत्ता. तिच्या रक्षणासाठी महाराष्ट्रात 1975 साली कायदा झाला. वृक्ष प्राधिकरण आले, दर 5 वर्षांनी झाडांची गणना करावी असे ठरले. 2021 सालच्या दुरुस्तीने 50 वर्षे वा अधिक वयाच्या झाडाला वारसा वृक्ष मानले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन घातले. कायदा चांगलाच आहे. पण लावलेले झाड जगवायचे कोणी?

पावसाळ्याच्या तोंडावर रोपे लागतात, हारतुरे होतात. मार्च उजाडला की आळ्यात पाणी घालायला कोणी नसते. रोपाला निदान 3 उन्हाळे सांभाळावे लागते. खड्डा खणणारा गडी मात्र 11 महिन्यांच्या ठेक्यावर. त्याचे रोप जगले की वाळले, हे त्याला कधी कळतच नाही. मग त्याने त्यात जीव ओतावा तरी कसा?

मोठ्या झाडांची गत निराळी नाही. पदपथाची फरशी थेट बुंध्याला भिडवतात. मुळांनाही हवा लागते, म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 साली दिल्लीतल्या झाडांभोवती 1 मीटर जागा मोकळी करायला सांगितली. नळासाठी चर खणताना मुळे तुटतात. पुढे वादळात झाड आडवे होते आणि खापर वाऱ्यावर फुटते. फांदी भलत्याच जागी तोडली, की उरलेले थोटूक कुजते आणि भोवती कच्च्या सांध्याचे कोंब फुटतात. खोडाजवळचा फुगीर भाग राखून कापली, तर जखम भरून येते. जुना माळी हे जाणतो. तो निवृत्त होतो, जागा रिकामी राहते, आणि एखादा रोजंदारीवरचा पोरगा कमरेला पट्टा न बांधता, हातात कोयता घेऊन विजेच्या तारांलगत चढतो. तिथे झाडाइतकाच माणसाचाही जीव टांगणीला लागलेला असतो.

म्हणून नागरिकहो, अंदाजपत्रकाच्या वेळी आपल्या नगरसेवकाला विचारा: 3 वर्षांपूर्वी लावलेल्यांपैकी आज किती जगली? प्रत्येक वॉर्डाला कायम माळी आहेत काय? रस्ता खणण्यापूर्वी उद्यान खात्याची सही घेतली जाते काय? हे प्रश्न एकट्या कामगारांनी विचारले तर पगाराचे भांडण म्हणून बाजूला सारतात. तुम्ही विचारलेत तर उत्तर द्यावे लागेल.

आज लावलेल्या वडाची सावली आपल्या नातवंडांना मिळायची आहे. नातवंडांच्या सावलीचे काम 11 महिन्यांच्या ठेक्यावर होत नसते.