पोथ्यांच्या शोधात एक वकील
(रत्नागिरी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संक्षिप्त मजकूर)



पोथ्यांत आयुष्य घालविणारा माणूस रत्नागिरीकरांना अपरिचित नाही. धर्मशास्त्राचा प्रचंड इतिहास लिहिणारे भारतरत्न डॉ. पां. वा. काणे याच जिल्ह्यात जन्मले आणि पेशाने ते वकील होते. त्यांच्या वीस वर्षे आधी, १८६० साली, मुंबईत वाळकेश्वरी जन्मलेल्या आणखी एका वकिलाने संगीतासाठी तेच व्रत घेतले. ते पंडित विष्णु नारायण भातखंडे.

१८८७ मध्ये त्यांनी कायद्याची पदवी घेतली. १९०० मध्ये पत्नी गेली, १९०३ मध्ये कन्या. संसाराचा पाश तुटला. पुढे वकिलीही सुटली.

त्या काळी संगीताची विद्या दोन ठिकाणी विभागली गेली होती. बंदिशी घराण्यांच्या कंठात होत्या आणि शास्त्र पोथ्यांत. गवई पोथी वाचीत नसत, पोथी सांभाळणाऱ्यास राग ओळखता येत नसे. पोथी तरी किती टिकणार? पावसाळी ओल आणि वाळवी तिचे काय करतात, हे कोकणात सांगावयास नको.

१९०४ मध्ये भातखंडे दक्षिणेत गेले. तंजावरास भोसले राजांनी जोपासलेले सरस्वती महाल ग्रंथालय आहे. त्या घराण्यातील तुळजाजी राजांनी अठराव्या शतकात ‘संगीत सारामृत’ हा संस्कृत ग्रंथ रचला होता. मराठी राजा कावेरीकाठी बसून रागांचे शास्त्र लिहितो, ही गोष्ट महाराष्ट्रात आजही फारशी कुणाला ठाऊक नसते! या ग्रंथाचा सारभाग भातखंडे यांनी पुढे प्रसिद्ध केला. तेथून ते एट्टयपुरमला गेले. थोर वाग्गेयकार मुत्तुस्वामी दीक्षितर यांच्या घराण्यातील वृद्ध सुब्बराम दीक्षितर तेथे राहत. घराण्याच्या कृती स्वरलिपीसह छापणारा त्यांचा मोठा ग्रंथ त्याच वर्षी निघाला होता. व्यंकटमखीच्या ‘चतुर्दंडिप्रकाशिके’ची प्रत भातखंडे यांना त्यांच्याकडून लाभली. बहात्तर मेळांची ती मांडणी पाहूनच उत्तरेकडील राग दहा थाटांत बसविण्याची दिशा त्यांना सापडली. १९०८ च्या उत्तरेकडील प्रवासात बिकानेरही होते. तेथील भावभट्टाचे ग्रंथ त्यांनी अभ्यासले.

पोथ्यांइतकेच कष्ट त्यांनी बंदिशींसाठी घेतले. जयपूरच्या मनरंग परंपरेतील महंमद अली खाँ यांच्याकडून त्यांनी शेकडो बंदिशी मिळविल्या. विद्या ज्याच्याकडे असेल त्याच्यापुढे शिष्य म्हणून बसावयाचे, यात त्यांना संकोच नव्हता.

मात्र त्यांच्या साऱ्या कार्यात अवघड भाग वेगळाच होता. आपले आजचे गायन जसेच्या तसे भरतमुनींपासून आले आहे, असे तेव्हा अभिमानाने सांगितले जाई. भातखंडे यांनी दक्षिणेतील पंडितांना शार्ङ्गदेवाच्या ‘संगीत रत्नाकरा’तील राग गाऊन दाखविता येतील का, असे विचारले. समाधानकारक उत्तर मिळाले नाही. तेव्हा त्यांनी स्पष्ट लिहिले की, त्या ग्रंथांतील राग आजच्या रागांशी जुळविता येत नाहीत, मधल्या शतकांत संगीत बदलले आहे. हे अनेकांना रुचले नाही. परंतु परंपरेवर त्यांच्याइतके प्रेम करणारा दुसरा कोण होता? त्यांनी पोथी उघडून वाचली होती, एवढाच फरक.

त्यांची दहा थाटांची मांडणीही वादातीत नाही. काही राग तिच्यात ओढूनताणून बसविलेले वाटतात, असे गवयांचे म्हणणे असते आणि त्यात तथ्य आहे. तरीही शिकविण्यासाठी तिच्याइतकी सोयीची चौकट रूढ झालेली नाही.

१९१० मध्ये ‘श्रीमल्लक्ष्यसंगीतम्’ निघाले, त्यावर नाव होते ‘चतुरपंडित’. मराठी ‘हिंदुस्थानी संगीत पद्धती’चे चार भागही त्यांनी टोपणनावानेच लिहिले. १९१६ मध्ये सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने बडोद्यास पहिली अखिल भारतीय संगीत परिषद भरली, १९२६ मध्ये लखनौचे संगीत महाविद्यालय उभे राहिले. १९३३ मध्ये पक्षाघाताने त्यांना अंथरुणास खिळविले आणि १९ सप्टेंबर १९३६ रोजी ते गेले. सहा भागांच्या ‘क्रमिक पुस्तक मालिके’चे शेवटचे दोन भाग त्यांच्या मागे प्रसिद्ध झाले.